भाचीची गुळाची तुला

आमच्या नात्यात कुणाच्या दारी मांडव पडला की जेवणं उरकल्यावर कुणीतरी मला खुर्ची आणून देतं. खुर्ची आली की गोष्ट सांगायची. हे काम मला कुणी सोपवलेलं नाही. घराण्यात नाचणारे होते, भांडणारे होते, रुसणारे तर मुबलक होते. सांगणाऱ्याची जागा तेवढी रिकामी होती, तिथे मी बसलो. गोष्टीत खरं किती, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. बायको एवढंच म्हणते, "ह्यांना गोष्टीत पाणी घालायला लांब जावं लागत नाय, धरणावरच राहतात."

धरणावर म्हणजे भातसानगरच्या वसाहतीत. मी तिथे ऑफिसात कारकून आहे. मुंबई पाणी पिते ते माझ्या हाताखालून जातं, असं मी पाहुण्यांना सांगतो. खरं तर माझ्या हाताखालून लोकांचे रजेचे अर्ज जातात.

तर अशा माणसाकडे एक गोष्ट आहे आणि ती त्याने अजून एकाही मांडवात सांगितलेली नाही.

माझी धाकटी बहीण मुरबाडकडे, म्हसा गावाच्या पुढे एका खेड्यात दिलेली. भात आणि नागली, दारात दोन बैल. तिला एकच मुलगी. बारावीनंतर कॉलेजसाठी ती शहापूरला आली आणि आमच्याकडे राहिली. आम्हाला मूल नाही, त्यामुळे भाची आल्यावर बायकोने आधी माझं कपाट रिकामं केलं आणि मग मला विचारलं.

ही मुलगी लहानपणी शेतातल्या माळ्यावर बसून पीक राखायची. गोफण तिला आवडत नसे. ढेकूळ नुसत्या हाताने मारायची. आंब्यावर वानर बसलं असलं तर ढेकूळ त्याच्या कानाशेजारून जायचं. लागायचं नाही, कारण तिला लावायचं नसायचं. वानर मात्र दुसऱ्या गावाला जायचं.

कॉलेजातल्या खेळाच्या मॅडमनी हा हात पहिल्याच आठवड्यात हेरला. त्यांनी कुठल्याशा शिबिरातून एक लांबुळका चेंडू आणला होता, सोललेल्या नारळासारखा, दोन्ही टोकांना निमुळता. खेळाचं नाव फ्लॅग फुटबॉल. अमेरिकन फुटबॉलची ही सभ्य धाकटी बहीण. अमेरिकेतले लोक टक्करीला सोडलेल्या रेड्यांसारखे एकमेकांवर आदळतात. ह्यात कमरेला दोन फडकी लावलेली असतात, चेंडूवाल्याचं फडकं ओढलं की त्याचा डाव संपला. आणि जिच्या हातातून प्रत्येक डाव सुटतो ती क्वार्टरबॅक. बाकीच्या पळत सुटतात. ती उभी राहते. अंगावर कुणीतरी धावून येत असताना ती लांब बघत राहते, आणि आत्ता जिथे कुणीच नाही पण क्षणात कुणी पोचणार आहे, तिथे चेंडू टाकते.

आमची भाची क्वार्टरबॅक झाली. हे सगळं मला तिनेच समजावलं. मी बहिणीला फोनवर समजावलं.

"फुटबॉल मंजी पायानं ना रे दादा?"

"नाय गो, हातानं."

"मंग फुटबॉल का म्हनतान?"

"अमेरिकेत तसंच असतं."

"तिथं पाय कशाला ठेवलेत मंग," म्हणाली आणि भाताला आधण आलं म्हणून तिने फोन ठेवला.

संध्याकाळी वसाहतीच्या मैदानावरून आली की भाची ओट्यावर बसून मोबाइलवर एका अमेरिकन क्वार्टरबॅकचे जुने सामने बघायची. किती कप जिंकलेला माणूस. पण तिला त्याच्या कपांपेक्षा त्याने राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसून काढलेल्या वर्षांचं कौतुक. "बसून पण तो रोज फेकत होता, मामा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं." मला ही गोष्ट इतकी आवडली की पुढच्या दोन लग्नांत मी ती सांगितली. आमच्या लोकांना बरी समजावी म्हणून त्या माणसाच्या घरी मी दोन म्हशी बांधल्या आणि त्याच्या बापाला भाताच्या लावणीत चिखलात उभा केला. भाची मागे उभी राहून ऐकत होती. घरी येताना म्हणाली, "म्हशी बऱ्या होत्या."

तिची टीम सगळी आसपासचीच होती. कुणी सापगावची, कुणी वाड्यावस्त्यांवरची. बूट सगळ्यांकडे नव्हते. सराव कित्येक जणी नुसत्या पायानेच करायच्या. तालुका झाला, जिल्हा झाला, आणि राज्याच्या सामन्यांच्या आधीच्या पौषात म्हशाची जत्रा आली.

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते आणि पुढे पंधरवडाभर चालते. बैल, घोंगड्या, भांडी, पाळणे. आमचे झाडून सगळे नातेवाईक पहिल्याच दिवशी जातात आणि वर्षभराची भांडणं तिथे मिटवतात किंवा नवी काढतात. त्या वर्षी भाची आली नव्हती, सराव होता. देवळापाशी बहिणीने माझ्या हातात नारळ दिला.

"दादा, तू बोल. तुला बोलाया बरं येतं. पोरीसाठी बोल काय तरी."

नवस हा बोलायचा असतो, आणि बोलणं म्हटलं की मी पुढे. मी नारळ धरला आणि म्हणालो, माझी भाची राज्याचा कप घेऊन आली तर तिची गुळाची तुला करीन. आमच्या घराण्यात ही रीत आहे: काट्याच्या एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात तेवढा गूळ, आणि मग तो गूळ जत्रेला वाटायचा.

एवढ्यावर थांबलो असतो तर आज हे लिहीत बसलो नसतो. पण मागे चुलतभाऊ उभे होते, त्यांच्या बायका उभ्या होत्या, घोंगडीवाला सुद्धा मान वाकडी करून ऐकत होता. आणि ऐकणारे दिसले की माझ्या तोंडाला ब्रेक राहत नाही. मी आवाज चढवला. "पुढच्या जत्रेला. पयल्याच दिवशी. पुनवेच्या पहाटे ती घराचा उंबरा उतरंल, अनवाणी चालत तुझ्या दारात येल, आन मंग काट्यात बसंल."

मागून कुणीतरी "वा" म्हणालं. मला बरं वाटलं. पाय कुणाचे, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

कप तिने आणला. शेवटचा सामना मी स्वतः पाहिला, रजा टाकून. मला खेळातलं कळत नव्हतं, पण शेवटचा डाव कळला. समोरची उंच मुलगी हिच्या अंगावर वाऱ्यासारखी येत होती आणि ही उभी. फेक ना, असं मी ओरडलो. तिने फेकला तेव्हा त्या कोपऱ्यात कुणीही नव्हतं. मग सापगावची मुलगी तिथे पोचली, चेंडू तिच्या हातात पडला आणि सगळं मैदान ओरडलं. मी शेजारच्या अनोळखी गृहस्थाला मिठी मारून सांगितलं की हिला फेकायला मीच शिकवलं. ते दुसऱ्या टीमचे पालक निघाले.

मग दिवाळीनंतर मॅडमचा फोन आला. देशाच्या टीमसाठी हैदराबादला निवड शिबिर होतं. अख्ख्या राज्यातून क्वार्टरबॅक म्हणून एकच नाव गेलं होतं, ते आमचं. शिबिर सुरू होत होतं पौष पौर्णिमेला.

भाचीने कॅलेंडर बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "देव काय, समजून घेईल." देव घेईल ह्याची मला खात्री होती. प्रश्न बहिणीचा होता.

आम्ही दोघं मुरबाडच्या एसटीने बहिणीकडे गेलो. तिने ऐकून घेतलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "नवस फेडल्याबिगर पोर शीव वलांडनार नाय."

"अगो, जत्रा पंधरा दिस आहे. मागून फेडू."

"तू पुनवेची पहाट बोलला. मी तुझ्या बाजूला उभी व्हती." आणि मग तिने ते काढलंच. "बैलाचं इसरलास?"

बैलाचं सांगायला हवं. आमच्या पणजोबांचा एक भाऊ होता. त्याचा बैल आजारी पडला तेव्हा तो म्हशाच्या देवाला बोलला की बैल बरा झाला तर तुझ्या पायाशी आणीन. बैल बरा झाला. ह्याने तो परस्पर बाजारात विकला. परतताना काळू नदीच्या उतारावर गाडी कलंडली आणि माणूस गाडीसकट वाहून गेला. अजूनही पौषातल्या रात्री तिथे घुंगरांचा आवाज येतो.

ही गोष्ट आमच्या सगळ्या नात्याला पाठ आहे. लोक तिची शपथ घालतात. आणि ती मी रचलेली आहे. बहीण लहान होती, जत्रेत पाळण्याखालून हलायला तयार नव्हती, काळोख पडायला लागलेला; तिला भिववून घरी न्यायला मी चालता चालता ती जोडली. मग ती माझ्या हातून सुटली. पुढे चुलत्यांनीच मला ती सांगितली, घुंगरं त्यांनी घातली.

त्या दिवशी बहिणीच्या पडवीत मी पहिल्यांदा खरं बोललो. "अगो, ते मी बनवलेलं. पणजोबांना भाऊच नव्हता."

"पोरीच्या कवतुकापायी तू देवाला खोटा पाडतोस, दादा?"

"देवाला नाय गो. मला. मी खोटा."

"तू खोटा असशील. गोष्ट खोटी नाय," ती म्हणाली. "घुंगरं मी सोता आयकलीत."

अनवाणी मी चालतो, काट्यात मी बसतो, असंही म्हणून पाहिलं. "नवस तिच्या नावानं हाय. आन तुझ्या वजनाचा गूळ आनायला टेंपो लागंल." मेहुणे बाहेर बैलांना पेंढा घालत होते. ते फार बोलत नाहीत. तिथूनच म्हणाले, "पाव्हनं, तुमी दोगं कवाधरनं बोलताय. पोरीला इचारा की."

पोर सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत बसली होती. वर न बघता म्हणाली, "मी चालते. एक दिवस उशिरा पोचले तर चालेल का, ते मॅडमना विचारते."

मॅडमनी कुणाकुणाला फोन केले आणि एका दिवसाची सवलत मिळवली. पडवीत एकदम सगळं हलकं झालं. बहिणीने चहा टाकला.

परत येताना एसटीत मी तिला म्हणालो, "तू नको म्हणाली असतीस तर मी आणखी भांडलो असतो."

"तू सगळ्यांसमोर बोलला होतास ना, मामा. नवस राहिला असता तर तुला कुणी खुर्ची दिली असती का?"

मला वाटत होतं की ती आईसाठी कबूल झाली. ती झाली होती माझ्यासाठी. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, टोकावडेकडच्या डोंगरावर कुणीतरी गवत पेटवलं होतं.

पुनवेच्या पहाटे आम्ही निघालो. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. पुढे ती, नवी साडी खोचलेली, नुसत्या पायांनी. मागे बहीण, मेहुणे आणि इतर पाच-दहा मंडळी. त्यांच्या मागे मी, कॅनव्हासचे बूट आणि आत लोकरीचे मोजे घालून. मला शुगर आहे, अनवाणी चालायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. हे मी वाटेत तीन-चार जणांना सांगितलं, कुणी विचारलं नसताना.

बांधावरून रस्त्याला लागतो तिथे ती थांबली. एका पायावर उभी राहिली आणि माझ्या खांद्यावर हात टेकला. टाचेत बाभळीचा काटा गेला होता. तिने तो उपटला, बघितला, फेकला.

"निघाला ना सगळा?" मी विचारलं.

"निघाला. चल."

देवळापाशी धान्याच्या व्यापाऱ्याचा मोठा काटा टांगला होता. ती पारड्यात बसली, मांडीवर हात ठेवून, फोटो काढायला बसावी तशी. समोर गुळाच्या ढेपा चढत गेल्या. चुलतभाऊ ओरडला, "अगो, कप काय पोटात घातलास का? गूळ संपत आला." सगळे हसले. तीही हसली. पारडी समान झाली तेव्हा बहीण रडली, आणि मी, सांगायला लाज वाटते, इकडेतिकडे बघून घेतलं की किती लोक बघताहेत.

गूळ वाटायला मी थांबलो. मेहुण्यांनी तिला जीपने कल्याणला नेऊन गाडीत बसवलं. गाडी वेळेवर सुटली, वेळेवर पोचली. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

ती परत आली ती ठरल्यापेक्षा बरीच लवकर. सॅक ठेवली, मामीला म्हणाली गरम पाणी दे, आणि मोजा काढला. बायकोने मला हाक मारली ती नेहमीची हाक नव्हती. टाच सुजून लाल झाली होती, मध्ये पांढरट टोक. काट्याचा अर्धा तुकडा आत राहिला होता.

"दुखत होतं तर बोलायचं नाय का गो?" बायको म्हणाली.

"जवळचे सगळे चेंडू बरोबर गेले, मामी. लांबच्याला मागचा पाय रोवावा लागतो. रोवला की डोळ्यांसमोर अंधारी यायची. मग हात आपोआप कमी जोर लावायचा." ती हे असं सांगत होती, जसं कुणी दुसऱ्याच्या पायाविषयी सांगतं. "निवडणारे म्हणाले, हात चांगला आहे, ताकद कमी आहे."

"पाय दाखवायचास त्यांना," मी म्हणालो.

"दाखवून काय सांगू? मामाचा नवस होता म्हणून?"

तिने हे रागाने म्हटलं असतं तर मला बरं झालं असतं. मी त्यावर काहीतरी बोललो असतो, रडलो असतो, माफी मागितली असती. रागावलेल्या माणसासमोर आपल्याला काय करायचं ते कळतं. ती पाय पाण्यात ठेवून बसली होती आणि पाणी फार गरम आहे की बरोबर ह्याचा विचार करत होती.

शहापूरच्या डॉक्टरांनी चिरा देऊन काटा काढला. एवढासा होता. डॉक्टरांनी तो कापसावर ठेवून मला दाखवला, कौतुकाने. घरी येताना तिने एकच गोष्ट बजावली. "आईला पायाचं सांगायचं नाय. ती जेवायची नाय. आणि परत कुठे पाठवायची पण नाय."

मॅडम म्हणतात, पुढे आणखी निवड होईल. कधी, ते त्यांनाही माहीत नाही. टाच भरल्यावर ती पुन्हा मैदानावर जायला लागली. संध्याकाळी ऑफिसातून येताना मी तिला लांबून बघतो. जवळ गेलो तर ती मला चेंडू टाकते आणि मी तो सोडतो, म्हणून मी लांबूनच बघतो. आधी ती फेकण्याआधी पायाकडे बघत नसे. आता बघते. एक क्षणच, पण बघते.

वैशाखात सापगावला चुलतभावाच्या मुलाची हळद होती. डीजे थांबला, पंगती बसल्या, आणि जेवणं व्हायच्या आतच कुणीतरी खुर्ची आणली. पण खुर्ची घेऊन येणाऱ्याने ती माझ्यासमोरून पुढे नेली.

"आज मामा नको. आज चॅंपियनची गोष्ट. बस गो. हैदराबादला काय झालं ते सांग."

ती बसली. माझ्या हातातला घास हातातच राहिला. तिने सगळं सांगितलं. मैदान केवढं, हिरवळ खोटी कशी, हरयाणाच्या मुली दूध किती पितात, एकीने हिला विचारलं की शहापूर म्हणजे समुद्राजवळ का. बायका हसून लोळत होत्या. ती चांगलं सांगते. कुठे थांबायचं ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

"आन मंग निवड का नाय झाली गो?" एका काकूने विचारलं.

"गाडी लेट झाली ना," ती म्हणाली. "मधेच कुठेतरी रानात उभी राहिली. मी पोचले तोवर टीम ठरलेली. मी म्हटलं, बरंय, निदान जेवून तर जाते."

परत हशा. रेल्वेला शिव्या घालायला सगळा मांडव एक झाला. मेहुणे पंगतीत समोरच बसले होते. त्यांनी स्वतः तिला गाडीत बसवलेलं. त्यांनी पानावरून मान वर केली, लेकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मान खाली घालून भात कालवायला लागले.

मी उठून बोलायला हवं होतं. गोष्टीत एवढी चूक झाली तर मी एरवी कुणाला सोडत नाही. चुलत्यांना भर मांडवात दुरुस्त केलेलं आहे. खोटं तिने माझ्यासाठी रचलं होतं, तिच्या आईसाठी रचलं होतं, आणि ते इतकं साधं होतं की कुणाला शंका येण्यासारखं नव्हतं. मला असं साधं खोटं कधी जमलं नाही.

बहीण वाढत वाढत माझ्यापाशी आली. भाताचं पातेलं कमरेवर, चेहरा उजळलेला.

"आयकलंस ना दादा? गाडीनं घात केला." मग खाली वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "बरा झाला गाडीचाच दोष निघाला. नायतर मला जल्मभर वाटला असता, माझ्याच हटापायी पोरीचं गेलं."

मी तिच्याकडे बघितलं नाही.

"वाढ थोडा," मी म्हणालो, आणि पान पुढे केलं.